आजोबा, तू आधी बस

"आजोबा, तू आधी बस बघू. उभ्यानं कनाला बोलतोस?"

हेडफोनमध्ये हे वाक्य ऐकलं आणि मी रेकॉर्डिंग थांबवलं. माझ्या खुर्चीमागे आमच्या ऑपरेशन्स मॅनेजर देवयानी मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी घडी घातली की समजायचं, कोणाची तरी नोकरी जाणार आहे.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"किती गुण?"

"अजून पुढचं ऐकायचंय, मॅडम."

"पुढचं कशाला? फेटल आहे, सुहास सर. सुरुवातीलाच फेटल."

आधी माझं काम सांगतो, म्हणजे फेटल काय ते कळेल. तुम्ही एखाद्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करता तेव्हा एक बाई सांगते, 'हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जाऊ शकतो.' ती खरं सांगते. त्यातली गुणवत्ता म्हणजे मी. महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका कॉल सेंटरमध्ये मी बसतो आणि दिवसभर परक्या लोकांचं बोलणं ऐकतो. पोरंपोरी फोनवर कशी बोलली, नमस्कार केला का, नाव विचारलं का, ग्राहकाचं वाक्य मधेच तोडलं का, याला गुण देतो. तरुणपणी हौशी नाटकं केली होती. तेव्हा प्रेक्षक माझं ऐकायचे, आता मी सगळ्यांचं ऐकतो. नियतीनं हिशेब बरोबर केला म्हणायचा.

तर फेटल. फेटल म्हणजे जीवघेणी चूक. यात कोणाचा जीव जात नाही, कॉलचे सगळे गुण जातात. बाकी तुम्ही कितीही गोड बोला, एक फेटल झालं की शून्य. ग्राहकाला शिवी देणं फेटल, खोटं आश्वासन देणं फेटल, आणि ग्राहकाला 'तू' म्हणणं हेही फेटल. हा तिसरा नियम आमच्या क्लायंटचा. क्लायंट म्हणजे ज्या कंपनीसाठी आम्ही फोन घेतो ती. आमचा हा क्लायंट पाणी शुद्ध करणारी मशिनं विकतो आणि त्याचं मुख्य ऑफिस दिल्लीकडे आहे. तिथल्या हिंदीत ग्राहकाला 'तू' म्हटलं की मारामारी होते. त्यांनी नियम हिंदीसाठी केला, मग तोच मराठीला लावला. हिंदीतला तू आणि मराठीतला तू दिसायला जुळे भाऊ आहेत, पण वाढले वेगवेगळ्या घरांत. हे त्यांना कोण सांगणार?

आमची मराठी स्क्रिप्टही अशीच वरून आली आहे. 'नमस्कार, मी आपली काय सहाय्यता करू शकते? आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वपूर्ण आहे. मी आपल्याला होल्डवर घेऊ शकते का?' मराठी माणूस आपल्या घरी कोणाची 'सहाय्यता' करत नाही, मदत करतो. 'होल्डवर घेऊ का' म्हणजे मांडीवर घेऊ का विचारल्यासारखं वाटतं. पण या मराठीबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही. उलट तिला शंभर गुण मिळतात, आणि देतो मीच.

"मेल वाचली ना तुम्ही?" मॅडम म्हणाल्या.

वाचली होती. साताऱ्याला वसंतराव नावाचे निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांचा मुलगा मिलिंद पुण्याला. तो वडिलांकडे आला असताना हा फोन झाला. वडिलांना ऐकायला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर होता. 'संपूर्ण गाव ज्यांना गुरुजी म्हणून मान देतं त्या माझ्या वडिलांना तुमची कर्मचारी एकेरीत बोलते,' असं त्यानं थेट दिल्लीला लिहिलं होतं. दिल्लीहून ते आमच्याकडे आलं, लाल झेंडा लावून.

"फोनवरच्या या प्रणालीचं प्रोबेशन या महिन्यात संपतंय," मॅडम म्हणाल्या. "क्लायंट म्हणतो, हिला कन्फर्म करू नका. तुमचा रिपोर्ट द्या, विषय संपवू."

"मला तिच्याशी बोलू द्या."

"बोला. पण वाचवायला जाऊ नका, सर. तुमची नाटकं मला माहिती आहेत."

त्या गेल्यावर मी उरलेला कॉल ऐकला. उरलेला म्हणजे 'तू आधी बस' नंतरचा. मला वाटलं, आता गुरुजी फोन आपटणार. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बसलो," गुरुजी म्हणाले.

"हां. स्टुलावर चढला होतास ना? मना आवाजावरनं समजलं. आता मशीनच्या बाजूनं हात घाल. निळी नळी लागली?"

"लागली."

"आत दाब. जोरात. दाबलीस?"

"दाबली. अगं, थांबली की घरघर!"

"थांबनारच. आनि आता एकट्यानं स्टुलावर चढू नको, काय? पडशील नि मग कोन उचलंल तुला?"

"नाही चढणार."

"शपथ?"

"शपथ," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. आणि हसले. असलं हसू मी या नोकरीत फार वेळा ऐकलेलं नाही. लोक आमच्याशी बोलताना हसत नाहीत. मी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. कामासाठी नाही, असाच.

प्रणाली म्हात्रे खाडीकाठच्या जासई गावची. आजोबांची शेती होती, मिठागर होतं. आता तिथं कंटेनर रचून ठेवलेले असतात. घरातली पहिली पगारी नोकरी हिची. ती ट्रेनिंग रूममध्ये आली तीच भांडायच्या तयारीनं.

"सर, मी काय शिवी नाय दिली."

"माहीत आहे."

"मंग?"

"तू त्यांना तू म्हणालीस."

"म्हातारा मानूस हाय. एकटा हाय. त्याला काय तुमी बोलू?"

"हो."

"कनाला?"

आता या 'कशाला'चं उत्तर काय देणार? मी खुर्ची ओढून बसलो. "तुमच्या घरी आजोबांना काय म्हणता?"

"तू. आज्याला तू, बाबूसला तू, आयेला तू. देवाला पन तूच बोलतो ना सर? तुमच्याकडं देवाला तुमी बोलतात?"

"नाही. पण वडिलांना बोलतो."

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग तुमचा बाबूस तुमच्यावर रागावलेला होता काय?"

मी हसायला लागलो. ती हसली नाही. तिनं समजावून सांगितलं. त्यांच्या गावात 'तुमी' बाहेरच्याला म्हणायचं. साहेबाला, पोलिसाला, नाहीतर ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला. "जमिनी मोजायला आले ना सर, त्यांना आजा बोलायचा, तुमी बसा, तुमी चहा घ्या. तुमी तुमी करता करता खाजन गेलं."

खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. कोपरखैरण्याला माझं घर ज्या सेक्टरमध्ये आहे, तेही कोणाचं तरी खाजणच होतं. मी विषय बदलला.

"हे बघ, तुझं कन्फर्मेशन अडकलंय. पत्र मिळालं नाही तर काय करशील?"

तिचा सूर उतरला. "काय करनार? घरी बोलून ठेवलंय. पक्की झाली तर नोकरी कर, संध्याकाळचं कॉलेज कर. नाय झाली तर उलव्याचं स्थल हाय. आत्यानं बघून ठेवलंय. त्या पोराला बायको कामाला गेलेली नको." मग ती म्हणाली, "सर, मना शिकवा ना. तुमी सगल्यांना शिकवता."

मग मी माझ्या जुन्या रंगभूमीला जागलो. खुर्ची समोर ठेवली, खुर्चीवर माझी पाण्याची बाटली. "हे वसंतराव गुरुजी. वय झालेलं, मान मोठा. बोल."

"नमस्कार सर, आपली तब्येत कशी आहे?"

शब्द अगदी स्वच्छ. पण आवाज बदललेला. लोकलमध्ये पुढचं स्टेशन घाटकोपर म्हणून सांगतात तसला. मी म्हटलं, "आवाजात तुझी माया कुठे गेली?"

"बाटली हाय सर ती. बाटलीशी माजं काय नातं?"

"मग गुरुजींशी काय नातं आहे?"

"काय नाय. पन मी तू बोलली की होतं."

मी नाटकात भूमिका केल्या, दिग्दर्शन केलं, पोरांना पल्लेदार वाक्यं घोकायला लावली. असं वाक्य माझ्या हाती कधी लागलं नव्हतं. ते मी रिपोर्टमध्ये कुठल्या रकान्यात लिहिणार होतो?

घरी जाताना मनात मी माझ्याच घराची उजळणी करत होतो. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. त्यांना आम्ही दादा म्हणायचो आणि तुम्ही म्हणायचो. आईला तू. आई वडिलांना अहो म्हणायची. माझी बायको मला तू म्हणते, मुलगी बाबा तू म्हणते. म्हणजे एका पिढीत अहो गेलं, दुसऱ्या पिढीत वडिलांचा तुम्ही गेला. कोणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. घरातलं अंतर कमी झालं म्हणून आपण खूश. आणि त्याच वेळी घराबाहेर रिक्षावाल्यापासून बँकेपर्यंत सगळे सर, मॅडम, आपण करायला लागले. घराच्या आत तू वाढला, दाराबाहेर आपण वाढला. मधला साधा तुम्ही, शेजारच्या काकूंचा, तो बिचारा कुठे राहिला कोण जाणे. दादांना मी एकदा तरी तू म्हणालो असतो तर कसं वाटलं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. आता म्हणायला ते नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना फोन लावला. मोठी तक्रार आली की क्वालिटीच्या माणसानं फोन करून दिलगिरी व्यक्त करायची असते. मी माझा ठेवणीतला आवाज काढला.

"नमस्कार. मी ग्राहक सेवा केंद्रातून सुहास बोलतोय. आपल्याशी झालेल्या अनुचित वर्तनाबद्दल मी कंपनीच्या वतीनं दिलगीर आहे."

"कसलं वर्तन?"

"आपल्याला एकेरीत संबोधलं गेलं."

"बरं. मग?"

"त्याबद्दल दिलगिरी..."

"तुम्ही नाटकात होता का हो?"

"होतो."

"वाटलंच. माझी काही तक्रार नाही. मिलिंदची आहे. त्या पोरीला देता का?"

"ती आत्ता फोनवर आहे, गुरुजी."

"बरं." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागले, आणि मी मध्ये आलो नाही. "ऐन विशीत शाळेत लागलो. त्या दिवसापासून गावानं मला तुम्ही केलं. माझ्याहून मोठी माणसंसुद्धा गुरुजी तुम्ही म्हणायची. बायको अहो म्हणायची. मुलं तुम्ही. तू म्हणणारी राहिली आई, आणि आमची अक्का. आई गेली तेव्हा अक्का होती. गेल्या वर्षी अक्का गेली. आता पेन्शनरांच्या कट्ट्यावर सगळे एकमेकांचे राव आणि साहेब. त्या दिवशी ही पोरगी म्हणाली, तू बस. आणि सुहासराव, मी बसलो. लोक मला बसा म्हणतात. बसा म्हटल्यावर नाही बसलं तरी चालतं."

मी काहीच बोललो नाही. आमच्या धंद्यात याला डेड एअर म्हणतात आणि त्याचे गुण कापतात.

"तिचं काय होईल?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. नोकरी जाईल, आणि नोकरी गेली की लग्न लावून देतील.

"असं होय," ते म्हणाले. "मिलिंदशी बोला. मी सांगितलं तर तो म्हणेल, बाबा तुम्हाला कळत नाही."

मिलिंदला फोन केला. माणूस सभ्य होता. "माझा राग त्या मुलीवर नाही हो," तो म्हणाला. "पण एकटा म्हातारा माणूस. कोणी अशी जवळीक दाखवून बोललं की घाबरायला होतं. उद्या कोणी ओटीपी विचारला तर?" हे त्याचं बरोबर होतं. मग तोच म्हणाला, "आणि खरं सांगू? त्या दिवशी ती बस म्हणाली आणि बाबा निमूट बसले. मी सकाळपासून, बाबा, तुम्ही स्टुलावर चढू नका, तुम्ही स्टुलावर चढू नका, म्हणत होतो. माझं ऐकलं नाही."

"तुम्ही त्यांना कधी तू म्हणाला नाहीत?"

"छे! तुम्ही म्हणालात का तुमच्या वडिलांना?"

"नाही."

दोघांनीही मग मशीनच्या वॉरंटीबद्दल बोलून फोन ठेवला. पण त्यानं तक्रार सौम्य करतो असं कबूल केलं.

त्या जोरावर मी क्लायंटशी मीटिंग मागितली. स्क्रीनवर दिल्लीचा अंकित. तरुण, हुशार, मराठीचा एक शब्द येत नाही, पण मराठीच्या शुद्धतेची काळजी फार.

"सर, मराठी में भी 'तू' रूड ही है ना?"

"घर घर पे डिपेंड है," मी म्हणालो. देवयानी मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

मी त्याला सगळं सांगितलं. जासई सांगितली, अक्का सांगितली, आवाजांसकट. अंकितला ते आवडलं. या लोकांना काही आवडलं की ते त्याचं सॉफ्टवेअर करतात. "वी कॅन सॉल्व्ह धिस," तो म्हणाला. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे एक रकाना असतो: श्री, श्रीमती, डॉक्टर, यातलं निवडायचं. त्यानं त्यात आणखी एक पर्याय घातला. 'संबोधन: तू.' वसंतरावांच्या नावापुढे तो निवडला. ग्राहकाचीच पसंती आहे म्हटल्यावर फेटल उरलं नाही. प्रणालीची फाइल पुन्हा कन्फर्मेशनच्या गठ्ठ्यात गेली. मॅडम मला म्हणाल्या, "केलंत ना शेवटी नाटक?" मी वाकून नमस्कार केला. ही भूमिका आपल्याला शोभली, असं मला वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात गुरुजींनी फोन केला. मशीनची घरघर परत सुरू झाली होती, किंवा त्यांना तसं वाटत होतं. आता फोन कोणाकडे जाईल हे आमच्या हातात नसतं. जो मोकळा त्याच्याकडे. तो गेला सायलीकडे. सायली ठाण्याची, अतिशय गुणी, दर महिन्याला बक्षीस घेणारी. स्क्रीनवर आलेलं ती तंतोतंत पाळते. तिनं पाहिलं: संबोधन तू.

"नमस्कार वसंतराव, मी सायली. तू कसा आहेस? मी तुझी काय सहाय्यता करू शकते?"

मी हा कॉल नंतर ऐकला. मुख्याध्यापकांचा आवाज वर्गभर घुमावा तसा घुमला.

"कोण गं तू, मला तू म्हणणारी? वळण नाही का काही घरात?"

"तुझ्या पसंतीनुसार, सर..."

"फोन ठेव!"

आणि या वेळी तक्रार खुद्द गुरुजींनी केली. टपालानं, दिल्लीला.

मी त्यांना फोन केला तर ते खजील झाले होते. "अहो, पण तिचा आवाज कसा होता ऐकलात? तारीख-वार सांगावा तसा तिनं तू म्हटलं. मला काय माहीत तुम्ही तो कॉम्प्युटरात घातलाय! असा घालतात होय?"

अंकितनं दुसऱ्याच दिवशी तो पर्याय काढून टाकला. शिवाय नवा नियम आला, कोणालाही, कुठेही, कोणत्याही कारणानं तू नाही. आणि प्रणालीसाठी वेगळी अट आली. तिनं स्वतः गुरुजींना फोन करून, स्क्रिप्टप्रमाणे, आपण म्हणत माफी मागायची. अंकित लाइव्ह ऐकेल. एकदा जरी तू आला तर कन्फर्मेशन रद्द. नाही आला तर त्याच दिवशी पत्र.

प्रणालीनं फक्त विचारलं, "सर, तो समजंल का?"

"कोण?"

"आजोबा."

मी म्हणालो, बघू. आगाऊ सूचना देणं नियमात बसत नव्हतं, आणि या वेळी मॅडम माझ्यावर नजर ठेवून होत्या.

दुपारी कॉल लावला. एका हेडफोनवर मी, एकावर मॅडम, दिल्लीहून अंकित. प्रणालीनं ओढणी नीट केली, जणू गुरुजी तिला बघणार होते.

"नमस्कार सर. मी प्रणाली बोलतेय. मागच्या कॉलमध्ये मी आपल्याशी एकेरीत बोलले. त्याबद्दल मी आपली माफी मागते."

बाटलीसमोरचा आवाज. तसाच्या तसा.

"अगं पोरी!" गुरुजींचा आवाज एकदम उजळला. "तूच का? कुठं होतीस इतके दिवस? मी विचारत होतो..."

"सर, आपला आवाज मला व्यवस्थित येतोय," ती म्हणाली. तिचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता. "आपलं मशीन नीट चालू आहे का?"

तिकडे शांतता झाली. मी नाटकातला माणूस आहे, शांततेचे प्रकार ओळखतो. ही न समजल्याची नव्हती. चाळीस पोरांच्या वर्गात एखाद्याला घरचा मार पडलाय, हे हजेरी घेता घेता ज्यांना कळायचं, त्यांची ही शांतता होती.

मग मुख्याध्यापक बोलले. सावकाश, ताठ, एकेक शब्द तोलून.

"होय, बाईसाहेब. मशीन उत्तम चालू आहे. आपण सांगितलं होतं तसंच केलं."

"आपली गैरसोय झाली त्याबद्दल..."

"गैरसोय कसली? आपण आपलं काम चोख करता. आपल्या वरिष्ठांना माझ्या वतीनं सांगा."

"धन्यवाद सर. मी आपली आणखी काही सहाय्यता करू शकते का?"

हा स्क्रिप्टमधला शेवटचा प्रश्न. प्रत्येक ग्राहकाला विचारतात, आणि प्रत्येक ग्राहक लगेच नाही म्हणतो. गुरुजींना वेळ लागला.

"नको," ते म्हणाले. "आता नको."

"आपला दिवस शुभ असो."

"आपलाही."

नियमाप्रमाणे फोन आधी ग्राहकानं ठेवायचा असतो. आम्ही ठेवू शकत नाही. गुरुजी ठेवत नव्हते. पलीकडे रस्त्यावरून कोणीतरी भंगार मागत गेलं तेही ऐकू आलं. प्रणाली स्क्रीनकडे बघत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटी ते हलकेच म्हणाले, "ठेवतो हं," आणि लाइन बंद झाली.

"परफेक्ट!" दिल्लीहून अंकित म्हणाला. "एकदम क्लीन कॉल. इसको ट्रेनिंग में सॅम्पल बनाते हैं."

मॅडमनी हेडफोन काढला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणे. एसीमुळे असेल.

प्रणाली माझ्याकडे वळली. "सर, त्याला समजलं ना? मना तसं बोलायचं नव्हतं ते?"

"समजलं."

"पक्कं?"

"पक्कं. तो तुला बाईसाहेब म्हणाला ते उगाच नाही."

तिनं मान हलवली. मी फॉर्म उघडला आणि शंभर गुण भरले. शेऱ्याच्या जागी लिहिलं: उल्लेखनीय सुधारणा. संध्याकाळी तिला पत्र मिळालं. उलव्याचं स्थळ आत्यानं दुसऱ्या कोणाला तरी दिलं. प्रणाली आता संध्याकाळी कॉलेजला जाते आणि महिन्याच्या बक्षिसात सायलीला टक्कर देते. नवीन पोरं येतात तेव्हा मी त्यांना तो कॉल ऐकवतो. सौजन्य कसं असावं, त्याचा नमुना म्हणून. पोरं वहीत लिहून घेतात.

परवा कँटीनमध्ये ती सांगत होती, घरी चुकून आज्याला म्हणाली, तुमी जेवून घ्या. आजा जेवलाच नाही. आयेला विचारत बसला, पोरगी माझ्यावर रुसली काय? तिनं पाय धरले तेव्हा ताटावर आला. ती हसत सांगत होती. मग म्हणाली, "सर, तोंडाला सवय लागते हो."

गुरुजींचा फोन त्यानंतर आलेला नाही. मी अधूनमधून त्यांचा नंबर टाकून बघतो. मशीन ठीक, नवी तक्रार नाही, जुनी फाइल बंद. आमच्या धंद्यात तक्रार आली नाही की ग्राहक समाधानी आहे असं धरतात.